पेंडलच्या दोन बहिणी

इंग्लंडमधल्या लँकशायरचा पेंडल परिसर, मार्च १६१२. कोल्न गावाबाहेरच्या रस्त्यावर एलिझन डिव्हाइसनं जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्यानं गाठोडं सोडलं नाही. थोडा पुढं गेला आणि कोसळला. एक बाजू लुळी, तोंड वाकडं. आज याला कुणीही अर्धांगवायू म्हणेल, पण एलिझनलाच वाटलं, आपला शाप भोवला. त्याच्या खाटेपाशी जाऊन तिनं माफी मागितली.

टाचणी तेव्हा हातानं घडवलेली, महागाची वस्तू. करणीतही ती लागे. एलिझनच्या आजीनं, डेमडाइकनं, जबानीत कृतीच सांगितली. माणसाच्या आकाराची मातीची बाहुली करायची, खडखडीत वाळवायची. जो अवयव दुखवायचा तिथं काटा किंवा टाचणी टोचायची. तो झिजवायचा तर बाहुलीचा तेवढाच भाग जाळायचा. उरलेली बाहुली जाळली की माणूस संपला.

१५६३ च्या कायद्यात करणीनं इजा केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्ष कैद होती. १६०४ च्या कायद्यानं थेट फाशी आणली. लॉ जगला, तरी एलिझन वाचणार नव्हती.

ती लँकेस्टरच्या किल्ल्यात कोंडलेली असताना १० एप्रिलला, गुड फ्रायडेला, घरचे आणि शेजारी आजीच्या माल्किन टॉवर या घरी जमले. भाऊ जेम्सनं जेवणासाठी शेजाऱ्याचा मेंढा चोरून आणला. कैदेतल्या माणसांसाठी आपली माणसं एकत्र येणारच. सरकारी कागदात मात्र या जमण्याचा ‘किल्ला सुरुंगानं उडवायचा कट’ झाला.

साक्षीदार होती धाकटी बहीण जेनेट, वय सुमारे नऊ. एरवी चौदाच्या आतल्या मुलाची शपथेवर साक्ष घेत नसत; चेटकाच्या खटल्यात घेतली. ऑगस्टमध्ये ती कोर्टात येताच आई इतकी किंचाळली, की तिला बाहेर न्यावं लागलं. मग जेनेटला टेबलावर उभं केलं. तिनं आईविरुद्ध सांगितलं, भावाविरुद्ध सांगितलं. न्यायाधीशानं कैदी ओळीनं उभे केले, तेव्हा तिनं पुढं होऊन, माल्किन टॉवरला आल्याचा आरोप असलेल्या ॲलिस नटरचा हात धरला. जेनेटला फितूर म्हणणं आम्हाला पटत नाही. न्यायदंडाधिकारी रॉजर नॉवेलनं तिची पहिली जबानी घेतली, तेव्हा आजी आणि थोरली बहीण आधीच कोठडीत होत्या.

आजी कोठडीतच वारली. २० ऑगस्टला दहा जणांना फाशी झाली. त्यात आई, जेम्स आणि एलिझन.

१६३४ मध्ये लँकशायरमध्येच एका दहा वर्षांच्या मुलाच्या साक्षीवरून पुन्हा खटला उभा राहिला. दोषी ठरलेल्यांत जेनेट डिव्हाइस नावाची एक बाई होती. आपण खोटं बोललो, असं मुलानं पुढं कबूल केलं. पण तुरुंगातल्या खाण्यापिण्याचे पैसे भरल्याशिवाय सुटका नव्हती. ऑगस्ट १६३६ च्या कैद्यांच्या यादीत ते नाव अजून आहे.