हात जोडताना तळवे टेकतात का?

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरात कुणाचं दुसऱ्याच्या पेशी घेऊन बोन मॅरो ट्रान्सप्लांट (अस्थिमज्जा प्रत्यारोपण), म्हणजे आपण ज्याला बीएमटी म्हणतो ते झालं असेल, तर त्यांना आत्ता नमस्कार करायला सांगा. कोपरं बाजूला उचलून दोन्ही तळवे मनगटापर्यंत नीट टेकतात का, ते पाहा. ओपीडीत आम्ही हेच पाहतो. त्यानंतर होणाऱ्या जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज या आजारात कातडीखालचा पडदा आखडायला लागला की हात जोडताना मध्ये फट राहते.

चिपळूणहून परळला तपासणीला येणाऱ्या एक मावशी होत्या. रक्ताचा कर्करोग, डोनर सख्खी बहीण, ट्रान्सप्लांटला आठ महिने झालेले. "डॉक्टर, पिठलं-भाकरी तोंडात धरवत नाही, नुसती आग होते," म्हणाल्या. घरच्यांना वाटलं, उष्णता झाली. तीन आठवडे सब्जा आणि गुलकंद चालू होतं. मी टॉर्च लावून पाहिलं, तर गालाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा. आणि हात जोडले, तर मनगटं टेकत नव्हती.

हा क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळ चालणारा जीव्हीएचडी. बहिणीच्या पेशी मावशींच्या शरीरात रुजल्या खऱ्या, पण त्यातल्या काहींना तिथली त्वचा, तोंड, डोळे परके वाटू लागले. पूर्वी १०० दिवसांनंतर होतो तो क्रॉनिक, अशी सरळ मोजणी होती. आता दिवसांपेक्षा लक्षणं पाहून ठरवतात. याच पेशी लपलेल्या कॅन्सरवरही नजर ठेवतात, म्हणून त्यांना पार झोपवूनही चालत नाही. उपचारातली सगळी कसरत इथेच आहे.

त्रास एक-दोन जागीच आणि सौम्य असेल, तर बहुतेक वेळा त्या जागेपुरतं औषध पुरतं. तोंडाला स्टेरॉइडची गुळणी, काही मिनिटं तोंडात धरून थुंकायची. डोळ्यांना थेंब, त्वचेला मलम. त्रास जास्त असेल किंवा फुप्फुसाला धक्का असेल, तर पोटातून औषध लागतं. ते बहुधा प्रेडनिसोलोन. वजनाच्या दर किलोला साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ५०. सकाळी, नाश्त्यानंतर. दोनेक आठवड्यांनी आराम दिसला की डोस हळूहळू उतरवतात, पुष्कळदा एक दिवसाआड करत. हा प्रवास महिन्यांचा असतो, काहींचा वर्षांचा.

आणि इथे मी हात जोडून सांगते, गोळी मनाने बंद करू नका. चेहरा सुजतो, साखर चढते, झोप उडते, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी डोस बदलता येतो, साखरेवर आणि हाडांवर औषध देता येतं. पण मोठा डोस एकदम थांबवला, तर आजार उसळतो आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही. जिवावर बेतू शकतं.

सोबत जंतुसंसर्ग रोखणाऱ्या गोळ्या असतात. त्या जादा वाटल्या, तरी चुकवू नका. आपल्या मुंबईत टीबी घराघराच्या जवळ आहे आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. ताप आला की त्याच दिवशी फोन करा. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका.

फुप्फुसाचा जीव्हीएचडी मात्र गुपचूप येतो. रेल्वेचा पूल चढताना मागच्या महिन्यापेक्षा जास्त दम लागतोय? तो अशक्तपणा समजू नका. फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, मागून घ्या. तिथे गेलेला श्वास सहसा परत मिळत नाही. उरलेला राखता येतो.

पूर्ण डोसवर दोन आठवड्यांत आजार वाढत राहिला, किंवा महिना-दोन महिन्यांत सुधारणा नाही, तर पुढचं औषध जोडतात. जवळजवळ निम्म्या रुग्णांना ते लागतं, त्यात तुमची काही चूक नसते. आज रक्सोलिटिनिबसारखी औषधं आहेत. मी शिकत होते तेव्हा ती नव्हती.

मावशींना मी गुळणी आणि गोळ्या दोन्ही दिल्या. सोबत रोज सकाळी तळवे भिंतीला दाबायचा व्यायाम. परवा त्या आल्या, डोस एक दिवसाआड १० मिलिग्रॅमवर आहे. पिठलं खातात, मिरची अजून नाही. दाराशीच थांबून त्यांनी हात जोडले. मनगटांमध्ये बोटभर फट उरली आहे.