लिमुरूचा ट्रान्समीटर

नैरोबीच्या बाहेर, चहाच्या मळ्यांच्या टापूत लिमुरू नावाचं गाव आहे. केनियातल्या बड्या खासगी वाहिन्यांचे ट्रान्समीटर तिथले. 14 फेब्रुवारी 2015 रोजी संचार प्राधिकरणाची माणसं पोलिसांना घेऊन तिथे थडकली आणि सिटिझन, एनटीव्ही, केटीएन या वाहिन्यांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद पडलं. कारण दिलं गेलं डिजिटलचं. ॲनालॉग बंद करून डिजिटलवर जाण्याची आंतरराष्ट्रीय कराराची मुदत होती 17 जून 2015.

मुंबईत 2012 साली सेट टॉप बॉक्सची सक्ती झाली, तेव्हा आपली कुरकुर मुख्यतः खर्चाची होती. केनियातलं भांडण निराळं होतं. ॲनालॉगमध्ये ज्याची वाहिनी, त्याचाच ट्रान्समीटर. डिजिटलमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा वाहिन्या मावतात. त्यामुळे वाहिनीने कार्यक्रम करायचे आणि ते परवाना असलेल्या वितरकाच्या हवाली करायचे. सुरुवातीला हे परवाने दोघांकडेच होते. एक सरकारी प्रसारण संस्था केबीसीची सिग्नेट, दुसरी चिनी मालकीची पँग. उद्या एखादी बातमी सरकारला झोंबली तर काय, हा वाहिन्यांचा सवाल होता. धंद्याचा हिशेबही होताच म्हणा. नव्या स्पर्धकांना जागा मिळणं या बड्यांना कुठे परवडणार होतं!

कोर्टकचेऱ्या करून या वाहिन्यांच्या मालक असलेल्या तिन्ही माध्यमसमूहांनी सामाईक प्रक्षेपण कंपनीचा परवाना मिळवला होता. पण यंत्रणा उभी राहण्याआधीच ॲनालॉग गेलं. जवळपास तीन आठवडे या वाहिन्या दिसल्या नाहीत. मार्चमध्ये त्या परतल्या, स्वतःच्या डिजिटल जाळ्यावरून. किकुयू भाषेतली इनूरो टीव्हीही त्याच वर्षी आली.

मग 30 जानेवारी 2018 उजाडला. 2017 च्या निवडणुकीचा निकाल न मानणारे विरोधी नेते राइला ओडिंगा नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ‘जनतेचे राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेणार होते. थेट प्रक्षेपण करू नका, असं सरकारने आधीच बजावलं होतं. वाहिन्यांनी कॅमेरे लावले. सिटिझन, एनटीव्ही, केटीएन, इनूरो, चारही गायब! 2015 मध्ये भीती परक्या वितरकाची होती. आता वितरक घरचाच होता; तरी लिमुरूला पुन्हा पोलीस आलेच.

ज्यांच्या फोनमध्ये डेटा होता, त्यांनी तो शपथविधी इंटरनेटवर पाहिला.

1 फेब्रुवारीला उच्च न्यायालयाने वाहिन्या सुरू करण्याचा आदेश दिला. सरकारने तो काही दिवस मानलाच नाही. एनटीव्ही आणि केटीएन आधी परतल्या. सिटिझन आणि इनूरो दिसू लागल्या त्या 8 फेब्रुवारीला.