वारा सरला का?

नमस्कार श्रोतेहो. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला सकाळच्या राउंडला आम्ही सर्जन आधी हेच विचारतो, "वारा सरला का?" नातेवाईक संकोचतात. आमचं मात्र सगळं लक्ष त्या उत्तरावर असतं. कारण ऑपरेशननंतर आतडं काही काळ थांबतं, आणि वारा सरला म्हणजे ते सुटलं, पुन्हा चालू लागलं.

परळच्या एका रुग्णालयात मी शिकत होतो. लालबागचे एक काका होते, गिरणीत जन्म गेलेला. पोट उघडून मोठ्या आतड्यातली गाठ काढलेली. तिसरा दिवस सरला तरी पोट ढोलकीसारखं ताणलेलं. नाकात नळी, नळीतून हिरवं पित्त पिशवीत उतरतंय. स्टेथोस्कोप लावला तर आत काहीच आवाज नाही. काकी डब्यात पेज घेऊन वॉर्डाच्या दारात उभ्या. "माणूस उपाशी आसा रे, पेजेचा पाणी तरी देऊ?" आम्ही नाही म्हणायचो, त्या डब्याचं झाकण लावून पुन्हा तिथेच उभ्या राहायच्या. शेवटी सिस्टरनी त्यांच्या हाती सलाईनचा स्टँड दिला आणि काकांना व्हरांड्यात चालवायला सांगितलं. टोकाच्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची, तिथवर जायचं आणि परत. काका टाक्यांवर हात धरून चालायचे, काकी स्टँड ढकलायच्या. चाळीत गॅलरी होती म्हणून म्हातारी माणसं येता-जाता चालायची, बोलायची. आताच्या टॉवरांत ती सोयच उरली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. असो. चौथ्या दिवशी आम्ही विचारायच्या आत काका मोठ्यांदा म्हणाले, "डॉक्टर, सरला!" अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. काकी रडायलाच लागल्या.

चालण्यानेच आतडं सुटलं, असं मी म्हणणार नाही. चालणं फुप्फुसांसाठी, रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी हवंच. पण आतडं थांबलं होतं सुजेमुळे. नीट ऐका, सुजेमुळे. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. त्यांच्यामध्ये, मज्जातंतूंच्या जाळ्याला लागून, मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. ऑपरेशनमध्ये आतडं हाताळलं, की त्या चेततात. जंतूच हवेत असं नाही, हाताळणी पुरते. त्यांच्यातून नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सुटतात, काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी स्नायूत शिरतात आणि स्नायू ढिले पडतात. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1899 साली दाखवलं होतं, की पोट उघडल्यावर मज्जातंतूच आतड्याला थांबवतात. तेही खरं, पण ते सुरुवातीच्या काही तासांपुरतं. पुढचे दिवस ही सूज. लहान आतडं साधारण दिवसाभरात चालू लागतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. आणि पुढे डागडुजी करायला याच जातीच्या पेशी लागतात, म्हणून सरसकट त्यांना दाबून टाकणंही बरं नव्हे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतडं कमी हाताळलं जातं, म्हणून ते बहुधा लवकर सुटतं. मॉर्फिनसारख्या औषधांनी ते आणखी मंदावतं, म्हणून ती जपून देतात. हल्ली नाकातली नळी सरसकट ठेवत नाहीत, घोट-घोट पाणीही लवकर सुरू करतात. पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. पुन्हा सांगतो, सांगितल्यावरच. आणि पोट फुगत चाललं, उलट्या होऊ लागल्या, ताप आला किंवा दुखणं वाढलं, तर राउंडची वाट पाहू नका, लगेच सिस्टरना हाक मारा. आतड्याचा जोड, म्हणजे गाठ काढल्यावर जिथे दोन टोकं शिवलेली असतात ती जागा, गळत असेल, तर तासातासाला फरक पडतो.