मार्बलहेडची पलटण

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मार्बलहेड नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात हे गाव जगायचं कॉड माशावर. पार न्यूफाउंडलंडकडच्या समुद्रात जायचं, मासा धरायचा, मीठ लावून वाळवायचा. खारवलेल्या माशाचं तुम्हाला वेगळं काय सांगू! १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून न्यू इंग्लंडच्या लोकांना तिथली मासेमारीच बंद केली. होड्या किनाऱ्याला लागल्या आणि खलाशी ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढणाऱ्या पलटणीत भरती झाले. कर्नल जॉन ग्लोव्हर यांची ही पलटण. १७७६ पासून तिचं नाव चौदावी काँटिनेंटल रेजिमेंट. गोऱ्यांच्या बरोबरीनं तिच्यात काळे होते, मूळ रहिवासीही होते.

आता ती रात्र सांगतो. २९ ऑगस्ट १७७६. दोनच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पराभव झालेला. त्याच बेटावर ब्रुकलिनला त्यांची सुमारे नऊ हजार माणसं अडकलेली. पुढे ब्रिटिश फौज, पाठीशी ईस्ट रिव्हर. पात्र मैलभर रुंद. मिळतील त्या होड्या जमवल्या आणि वल्ही दिली मार्बलहेडच्या खलाशांच्या हाती. शेजारच्या सालेम गावाकडचे खलाशीही जोडीला होते.

वल्हं कड्यात फिरताना कसं करकरतं, ते तुम्ही ऐकलंच असेल. तो आवाज शत्रूच्या कानी गेला की सगळं संपलं. म्हणून वल्ह्यांना चिंध्या गुंडाळल्या, गाड्यांच्या चाकांनाही गुंडाळल्या. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. छावणीतल्या शेकोट्या मात्र पेटत्या ठेवलेल्या. आधी वारा उलटा, त्यात ओहोटी. शिडाच्या होड्या हलेनात. मध्यरात्रीच्या सुमारास वारा फिरला. मग खेप, आणखी खेप, आणखी खेप! होडीची कड पाण्यावर जेमतेम चार बोटं उरेल इतकी माणसं भरायची.

मधेच घोटाळा झाला. सर्वांत शेवटी निघायचं होतं त्या तुकडीला चुकीचा हुकूम पोचला आणि ती खंदक सोडून निघाली. वॉशिंग्टन वाटेत भेटले, त्यांनी ती परत पाठवली. ती माणसं अंधारात पुन्हा त्याच रिकाम्या खंदकांत जाऊन उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उजाडलं, तरी माणसं शिल्लक होतीच. आणि धुकं उतरलं! इतकं दाट की सहा पावलांवरचा माणूस दिसेना. शेवटच्या होड्या त्या धुक्यातून गेल्या. नऊ हजार माणसं, एका रात्रीत, पार.

पूल झाल्यापासून आपण नदीकडे बघायचंच सोडलंय, असं माझं ठाम मत आहे. गाडी पुलावरून जाते, खाली पाणी कुठं वाहतंय कोण बघतो? मुलांना पोहणं शिकवा, जमलं तर वल्हं धरायलाही.

असो. याच खलाशांनी त्याच वर्षी नाताळच्या रात्री वॉशिंग्टन यांच्या फौजेला बर्फ वाहून आणणारी डेलावेअर नदी पार करून दिली. चोवीसशे माणसं, घोडे, अठरा तोफा. दुसऱ्या दोन ठिकाणी उतरू पाहणाऱ्या तुकड्यांना ते साधलं नाही. मार्बलहेडकरांना साधलं. सकाळी शत्रूच्या ताब्यातलं ट्रेंटन गाव पडलं, आणि नऊशेच्या आसपास हेसियन, म्हणजे ब्रिटिशांकडून लढणारे भाडोत्री जर्मन सैनिक, कैदी म्हणून परत नदीपार आणले तेही होडीनंच.

पाचच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, पलटणीची वर्षाची मुदत भरली. बरेचजण गावी परतले, बरेचजण शत्रूची व्यापारी जहाजं पकडायला समुद्रावर गेले. चौदावी रेजिमेंट तिथंच मोडली.