पाळीची तारीख आणि सोनोग्राफीचा अहवाल

श्रोतेहो, नमस्कार. वयात येणाऱ्या मुलींच्या सोनोग्राफीचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो, कारण मुलीचे वय, पाळीची तारीख आणि दुखण्याचा काळ या तीन गोष्टी तपासणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

हर्णैच्या बाजूची एक १४ वर्षांची मुलगी आजीबरोबर माझ्याकडे आली होती. बीजकोशात मोठी गाठ आहे, शस्त्रक्रिया करावी, असा दुसरीकडचा अहवाल सोबत होता. पाळी सुरू झाली का, असे मी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "अजून नाय आली, डॉक्टर. पण दर अवसेच्या उधाणाला पोट धरून बसते." घरची होडी असल्यामुळे आजीचा सारा हिशेब भरती-ओहोटीवर चालत असे, आणि तो अचूक होता. पाळी नाही, दुखणे मात्र महिन्याच्या महिन्याला, हे त्या अहवालात कुठेच नव्हते. मूत्राशय भरू देऊन पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही बीजकोश वेगळे आणि निरोगी दिसले. गाठ समजली गेलेली पोकळी मधोमध, मूत्राशयाच्या मागे, गर्भाशयाच्या मुखाला लागून होती. योनीमुखावरचा पडदा जन्मतः पूर्ण बंद असल्याने कित्येक महिन्यांचे रक्त आत साठले होते. भूल देऊन पडद्याला छेद दिला, साठलेले काळपट रक्त वाहून गेले, आणि बीजकोशाला हात लावावा लागला नाही.

अशा मुलींची सोनोग्राफी पोटावरूनच करतात, म्हणून मूत्राशय भरलेले हवे. ते रिकामे असेल तर आतड्यांतल्या वायूआड बीजकोश दडतो. शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली मला नेहमी भेटतात. गावाने शाळेच्या भिंती रंगवण्याआधी स्वच्छतागृहाला दार आणि पाणी द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

वय, पाळीची तारीख, दुखण्याचा काळ: या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. बीजकोशात अनेक लहान पुटिका, म्हणजे पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या, दिसल्या म्हणजे पीसीओडी हा संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित करणारा विकार झाला, असे नव्हे. या वयात त्या स्वाभाविक असतात, आणि म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीपासून ८ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये.

मात्र एका बाजूला अचानक असह्य दुखून उलट्या होऊ लागल्या, तर बीजकोशाला पीळ पडला असण्याची शक्यता असते. बीजकोशाला दोन बाजूंनी रक्त मिळते, त्यामुळे डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताची हालचाल दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी सकाळच्या एसटीची वाट न पाहता, रात्रीच गाडी करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.