सशाला उपाशी नेऊ नका

(जळगावात ससे पाळणाऱ्या कुटुंबांसमोर एका निवृत्त पशुवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

राम राम मंडळी. माझी सगळी नोकरी गायी-म्हशी, बैल आणि शेळ्यांत गेली. ससा हा पेशंट माझ्याकडे उशिरा आला, आणि आला तो पोरांच्या हट्टापायी. बाजारातून जोडी आणायची, विकणारा छातीठोकपणे सांगणार की दोन्ही माद्या आहेत, आणि थोड्याच दिवसांत खोक्यात केसांच्या गादीवर सहा-सात उघडी पिल्लं वळवळताना दिसणार. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा, आणि मादी व्याली त्याच दिवशी नराजवळ गेली तर पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून लोक नसबंदीचं विचारायला येतात.

पिल्लं नको असणं हे कारण पुरेसं आहेच. मादीच्या बाबतीत मात्र त्याहून मोठं कारण आहे. चार वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. काही अभ्यासांत तो निम्म्याहून जास्त माद्यांत सापडला. घरात सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं सहज जगतो. तेव्हा मादी एकटी असली तरी तिचं ऑपरेशन करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नराचं साडेतीन-चार महिन्यांनंतर होतं, मादीचं साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास. नराचं सोपं. मादीचं पोट उघडावं लागतं, त्यामुळे तिला बरं व्हायला वेळ लागतो.

आता ज्यासाठी मला बोलावलंत त्यावर येतो. ऑपरेशन म्हटलं की आपल्या घरातली थोर माणसं पहिलं काय सांगतात? रात्रीपासून पोटात काही जाऊ देऊ नका. माणसाला ते बरोबर. कुत्र्या-मांजरालाही उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर जीव जातो. सशाला उलटी होतच नाही. त्याच्या शरीराची ठेवणच तशी आहे. म्हणून उलटीच्या भीतीनं त्याला उपाशी ठेवण्यात काहीच अर्थ नाही, उलट धोका आहे.

धुळ्याकडच्या मंडळींनी पांझरेकाठचा फड, म्हणजे पाटाच्या पाण्यावर भिजणारी शेती, पाहिली असेल. पाट वाहता आहे तोवर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतं. मध्येच अडलं की तिथंच कुजायला लागतं. सशाचं आतडं तसं आहे. त्यात सतत गवत सरकत राहिलं पाहिजे. ते थांबलं की आतले जंतू बिघडतात, गॅस धरतो, गॅसनं पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. नसबंदी करून आणलेला ससा दगावतो तो बहुतेकदा टाक्यांनी नाही, या चक्रानं.

ब्रिटनमध्ये भुलीतल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास झाला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. कुत्र्यांत प्रमाण ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९. आणि सशांतले निम्म्याहून जास्त मृत्यू भूल उतरल्यानंतरच्या काळातले होते. म्हणजे डॉक्टरांचं काम आटोपल्यावर, पिंजऱ्यात किंवा घरी.

म्हणून डॉक्टर निवडताना माझा एकच प्रश्न वापरा. फोन करून विचारा, "सशाला किती वेळ उपाशी ठेवू?" उत्तर "ठेवू नका" किंवा "तोंडात घास राहू नये म्हणून शेवटचा तासभर" असं आलं, तर त्यांनी सशांवर काम केलंय असं समजा. "रात्रीपासून" असं आलं तर नम्रपणे आभार मानून दुसरीकडे विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही. आम्ही शिकलो ते जनावरांचं शास्त्र, त्यात ससा थोडाच होता. त्यासाठी नाशिकला किंवा पुण्याला जावं लागलं तरी जा.

तारीख कधीची घ्यायची? दिवाळीनंतर, पौष-माघापर्यंत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो. त्या उन्हात धडधाकट ससाही धापा टाकतो, कारण त्याला घाम येत नाही. तशात रावेर किंवा चोपड्याहून एसटीनं न्यायचा, आणि आणल्यावर दुपारी लाइट जायची, कशाला? पण हिवाळ्याचीही एक बाजू आहे. भुलीत अंग गार पडतं, आणि धुळ्याकडे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गारठतात. पहिल्या रात्री ससा घरात, वाऱ्याच्या झोतापासून दूर. कान हाताला थंड लागले तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटवून नको. नको वाटलं तर त्याला सरकून लांब जाता आलं पाहिजे.

आधीच्या आठवड्यात खाण्यात काही नवीन आणू नका. त्याचं नेहमीचं वाळलं गवत, दूर्वा, मुळ्याचा पाला, कोथिंबीर जे असेल ते. केळी आपल्याकडे ढिगानं, पण सशाला केळं म्हणजे चमचाभर खाऊ, जेवण नाही. कोवळी ज्वारी नको. जिनं गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती सशाला कशाला घालायची? आणि कपाशीच्या बांधावरचं गवत कापताना फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. पुढच्या पंजांची आतली बाजू बघा. केस चिकट, मळकट झाले असतील तर तो शिंकतोय आणि नाक तिथं पुसतोय. तसं असेल तर तारीख पुढे ढकला. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचा फिप्रोनिलचा स्प्रे कधीच मारू नका. सशाला ते विष आहे. वजन घरच्या काट्यावर करून लिहून ठेवा.

घरी आणल्यावर जमिनीवर सपाट जागा करा. भुसा नको, तो टाक्यांना चिकटतो. जुनी चादर किंवा टॉवेल. खाटेवर, सोफ्यावर उडी मारू देऊ नका, मादीला तर दहा दिवस अजिबात नाही. गळ्यात प्लास्टिकची कॉलर शक्यतो टाळा. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदाशी तोंड नेऊन खातो, त्या त्याला लागतात, आणि कॉलरनं ते बंद होतं. टाके सतत कुरतडत असेल तर डॉक्टरांना विचारा.

आता लेंड्या. हसू नका, हाच खरा रिपोर्ट आहे. संध्याकाळी एक लेंडी बोटांत घेऊन दाबा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, आणि फुटली की आत गवताचा चुरा दिसतो. त्या मुगाएवढ्या बारीक, काळ्या, कडक झाल्या तर आतडं मंदावलंय. पहिल्या दिवशी थोड्या कमी होतील, ते चालतं. पण बारा तास ना खाणं ना लेंडी असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. ससा दुखणं दाखवत नाही. कोपऱ्यात पाठ वर काढून बसतो, डोळे अर्धे मिटतो, कान लावून ऐकलं तर दात कराकरा वाजतात. आपण म्हणतो, "बिचारा झोपलाय."

दुखणं कमी करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, वजनावर मोजून, आणि ते वेळेवर द्या. दुखत असताना कुणी खात नाही. मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणू नका, आणि ॲमॉक्सिसिलिन तोंडावाटे तर मुळीच नाही. त्यानं आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जुलाबानं जातो.

खात नसेल तर भरवावं लागेल. पेलेट, म्हणजे सशाचं तयार गोळी-खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, पातळ खळ करा. ससा टॉवेलात गुंडाळा, तोंड तेवढं बाहेर. सुई काढलेली सिरिंज समोरून नको. पुढच्या दातांमागे बाजूला जी मोकळी फट असते तिथून आत घाला आणि थोडं थोडं सोडा. तो चावून गिळेपर्यंत थांबा. मान वर करून ओतलंत तर फुप्फुसात जाईल. साधारण किलोमागे दहा-पंधरा मिली एका वेळी. दिवसातून किती वेळा ते डॉक्टर सांगतील. आधी कोथिंबिरीची काडी नाकाशी धरून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं आणि सिरिंज तशीच राहते.

मागे बसलेल्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: नराचं झालंय, मग मादीसोबत लगेच सोडू का? नाही ताई. ऑपरेशन झालं तरी चार ते सहा आठवडे नरात बीज शिल्लक असतं. तेवढे दिवस पिंजरे शेजारी ठेवा, मध्ये जाळी असू द्या. एकमेकांचा वास ओळखीचा राहतो, म्हणजे नंतर सोडल्यावर भांडत नाहीत. आणि मादीचं ऑपरेशन मध्येच उरकून घ्या.