गावचा सफाईवाला येऊन गेला

नमस्कार श्रोतेहो. आज 11 सप्टेंबर. 1895 साली याच तारखेला रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. म्हणजे आपले विनोबा. त्यांचं नाव निघालं की भूदान आठवतं, आणि ते साहजिकच आहे. पण आज मी तुम्हाला आधी एका ओढ्याच्या काठावर नेणार आहे.

वर्ध्याजवळ, धाम नदीच्या काठी पवनार. तिथं विनोबांचा आश्रम. काही मैलांवर सुरगाव नावाचं खेडं. 1946 पासून विनोबा रोज फावडं खांद्यावर टाकून पायी सुरगावला जायचे आणि गावातला मैला उचलायचे. हे एखाद्या सप्ताहापुरतं नव्हतं, जवळजवळ दोन वर्षं त्यांनी हे केलं. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी ज्यांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं, नेहरूंच्याही आधी, तो हा माणूस. एकदा पावसानं ओढ्याला पूर आला. पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. समोरच्या काठावर एक गावकरी दिसला. विनोबांनी त्याला हाक मारली आणि सांगितलं, देवळात जा आणि देवाला सांग, गावचा सफाईवाला येऊन गेला. मग ते माघारी फिरले.

श्रोतेहो, मला या निरोपात विनोबांची सगळी अहिंसा दिसते. पूर आला होता, घरी बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण काम हातून घडलं नाही तरी आपण हजेरी चुकवली नाही, एवढं त्यांना कळवायचं होतं. अहिंसा म्हणजे हात न उगारणं, असं आपण पटकन म्हणून टाकतो. विनोबांच्या लेखी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्याची गोष्ट होती.

पाच वर्षांनी हाच माणूस तेलंगणात पायी फिरत होता. तिथं जमिनीवरून रक्त सांडलं होतं. सशस्त्र लढा चालू होता, पोलिसांची दडपशाही चालू होती, आणि मधल्या मध्ये गरीब माणूस भरडला जात होता. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत तिथल्या दलित कुटुंबांनी सांगितलं, आम्हाला 80 एकर जमीन मिळाली तर आम्ही पोट भरू. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यापैकी कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि 100 एकर देतो म्हणाले. मागितली 80, मिळाली 100! विनोबांना त्या रात्री नीट झोप लागली नाही म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

पुढे तेरा वर्षं ते देशभर चालत राहिले. त्यांची मागणी घरातल्या माणसासारखी असायची. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. यात भीक नव्हती आणि धमकीही नव्हती. वाटा मागणारा मुलगा दारात उभा राहिला की बापाला विचार करावाच लागतो.

चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दान मिळाली. विनोबांचं लक्ष्य मात्र पाच कोटींचं होतं. मिळालेल्यातलीही बरीचशी खडकाळ, नापीक किंवा वादात अडकलेली निघाली, आणि पुष्कळ जमीन गरिबांच्या नावावर चढलीच नाही. हे लपवून विनोबांचा गौरव करू नये. आणीबाणीला ‘अनुशासनपर्व’ म्हणण्याच्या त्यांच्या भूमिकेवरून आजही लोक दुखावलेले आहेत, त्यांचंही ऐकायला हवं. पण तलाठ्याच्या दप्तरात अडकलेल्या एकरांमुळे पोचमपल्लीची ती सभा खोटी ठरत नाही. मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यासमोर बंदुका खाली ठेवल्या. विनोबा तिथं विनाशस्त्र, चालत गेले होते.

15 नोव्हेंबर 1982 ला पवनारलाच त्यांनी देह ठेवला. अखेरच्या दिवसांत त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं होतं.

आता पवनारबद्दल थोडं. 1959 मध्ये विनोबांनी तिथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, स्त्रियांनी साधना करावी आणि आश्रमही स्त्रियांनीच चालवावा म्हणून. त्या काळी हे धाडसच होतं. शेती, स्वयंपाक, झाडलोट, प्रार्थना, सगळं आपल्या हातांनी करायचं असा तिथला रिवाज. आणि तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसंमतीनं होतात. एकीला जरी पटलं नाही, तरी बाकीच्या तिला हरवत नाहीत. विषय बाजूला ठेवतात, थांबतात, आणि पुन्हा बसून बोलतात.

नागपूरहून वर्ध्याला जाताना पवनार वाटेतच लागतं. कधी त्या बाजूला गेलात तर धामच्या पुलाशी गाडी थांबवा. काठावर आश्रम दिसेल.